मातीच्या होडीचं पुढे काय झालं

नदीकाठच्या सोनवळ गावात सुरंगी नावाची एक मुलगी राहायची. नाव केशरी-पिवळ्या सुगंधी फुलाचं, पण अंगावरचा फ्रॉक मूळचा कोणत्या रंगाचा होता ते धुऊन धुऊन तिचं तिलाही आठवत नसे. तिची आई रद्दीच्या कागदांच्या पिशव्या करी. घरात मूठभर पीठ असलं की आधी त्याची पिशव्या चिकटवायची खळ शिजायची आणि उरलं तर भाकरी, कारण खळ नाही तर पिशवी नाही आणि पिशवी नाही तर उद्याचं पीठ नाही.

आता तुम्हांला वाटेल, सुरंगी बिचारी रडत बसत असेल. तसं मुळीच नव्हतं. रद्दीत कधी एखाद्या फाटक्या पुस्तकाची दोन-चार पानं येत, आणि खळीचं बोट फिरण्याआधी सुरंगी ती भराभरा वाचून काढी. त्यामुळे तिला कितीतरी गोष्टी येत होत्या, फक्त एकीलाही शेवट नव्हता. राजपुत्र घोड्यावर चढला की जन्मभर तिथेच बसून राही. चेटकीण दार उघडी, आणि आत काय होतं ते पान शेंगदाणेवाल्याकडे पिशवी होऊन गेलेलं असे.

सोनवळात एक इवलीशी बाग होती. तिच्यात लाल-निळी-जांभळी फुलं होती, आणि मधोमध होतं एक डेरेदार बकुळीचं झाड. दर रविवारी सकाळी त्या झाडाच्या पारावर पुस्तककट्टा भरायचा. गावातली वाचणारी माणसं गोल करून बसायची आणि सध्या कोण काय वाचतंय, कुणाला कोणता लेखक आवडतो, ते एकमेकांना सांगायची. मुक्तामावशींना भुताच्या कादंबऱ्या फार आवडत, पण दिवेलागण झाली की त्या पुस्तक पिठाच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावून टाकत. सायकलवाले हणमंतदादा रहस्यकथांचं शेवटचं पान आधी वाचत, कारण चोर कोण ते कळल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. कट्ट्याचे प्रमुख निमकरकाका. त्यांचं सारं आयुष्य पोस्टात गेलेलं, त्यामुळे नाव-पत्त्याचा त्यांना भारी सोस. पुस्तकाबद्दल बोलायचं तर आधी लेखकाचं नाव सांगायचं, असा त्यांनी कट्ट्याचा रिवाजच पाडला होता. ज्याच्या घरी पोटभर जेवलो त्याचं नाव तरी ठाऊक हवं की नको, असं ते म्हणत.

मधोमध वेताची एक टोपली असायची. तिच्यात आपलं पुस्तक ठेवायचं आणि दुसऱ्याचं वाचायला न्यायचं. सुरंगीकडे ना ठेवायला पुस्तक, ना सांगायला लेखक. म्हणून ती पिशव्यांचे गठ्ठे बांधायचं निमित्त करून झाडाच्या पलीकडल्या बाजूला बसायची आणि कान टवकारून ऐकायची.

एका रविवारी मुक्तामावशी भुताची नक्कल करत होत्या आणि झाडामागून खुदकन हसू आलं. मुक्तामावशीच घाबरल्या. निमकरकाकांनी वाकून पाहिलं, तर काय, पिशव्यांच्या ढिगात एक चिमुरडी बसलेली. त्यांनी तिला हात धरून पारावर आणलं आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "सध्या काय वाचताय आपण?"

सुरंगीचे कान लाल झाले. पण मग तिला आठवली कालचीच पानं, आणि तिने सांगायला सुरुवात केली. कुंभाराची एक मुलगी होती. नदीपलीकडच्या माणसांशी तिच्या गावाची बोलाचाल नव्हती, आणि गावात कुणी तिला होडी देईना. तेव्हा तिने मातीचीच होडी घडवली, तिच्यावर पिवळ्या रंगाने मासोळ्या काढल्या, आणि निघाली. भर नदीत होडीला इवलीशी चीर पडली. एक थेंब आत आला, मग दुसरा आला...

"मग?" हणमंतदादा पारावरून पडता पडता राहिले.

मग काय झालं ते सुरंगीला ठाऊक नव्हतं. लेखकाचं नावही ठाऊक नव्हतं. पान तिथेच संपलं होतं. ती एवढुशी होऊन खाली बघत राहिली. कुणी तिला हसलं नाही, उलट सगळे हळहळले. निमकरकाका म्हणाले की पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांनीच शोध घेऊ या, पण सुरंगी, ही तुझी गोष्ट, तेव्हा नाव तूच सांगायचंस.

झालं! सोनवळात दुसरा विषयच उरला नाही. होडी बुडाली की तरली, यावरून हणमंतदादांच्या दुकानात गिऱ्हाइकांची जुंपली. मुक्तामावशींनी कपाटं उपसली. सुरंगीने रद्दीचा कागद न् कागद उलटून पाहिला. पण ते पुस्तक काही कुणाला मिळेना.

दोन दिवसांनी, सकाळी कोवळ्या उन्हात, सुरंगी पिशव्या पोचवायला बागेतून निघाली होती. ऊन वर यायच्या आत माल पोचला नाही तर शेंगदाणेवाला दुसऱ्याकडून पिशव्या घेई. एवढ्यात गठ्ठ्यातली एक पिशवी आपोआप सळसळली. सुरंगीने ती अलगद उलगडली आणि डोळे मोठ्ठे केले. आत होती एक परी, बोटाच्या पेराएवढी! डोक्यावर दवाच्या थेंबांचा मुकुट, अंगात मोरपंखी झगा, आणि पंख जुन्या पुस्तकाच्या पानांसारखे पातळ, सोनेरी कडांचे. त्यांतला एक पंख खळीला घट्ट चिकटला होता.

"ओढू नकोस हं," परी बारीक आवाजात म्हणाली. "फाटेल."

सुरंगीने ओढलं नाही. ती पारावर मांडी घालून बसली. गवताच्या पात्यावरचं दव तिने बकुळीच्या फुलाने टिपलं आणि थेंब थेंब खळीवर सोडलं. खळ भिजे, थोडीशी सुटे, पुन्हा चिकटे. ऊन वर आलं. शेंगदाणेवाल्याचं काम हातचं चाललं होतं, ते सुरंगीला कळत होतं. पण नाजूकसा पंख असा अर्धवट सोडून कसं जायचं? शेवटी तो सुटला. परी भिर्रकन वर उडाली आणि तिच्यामागे चंदेरी चमचम सांडली.

ती होती पानपरी. पुस्तकांच्या पानांत राहणारी. जुनं पुस्तक रद्दीत गेलं आणि झोपेत ती पिशवीत चिकटली होती. तिने सुरंगीला एक इच्छा मागायला सांगितली, पण मागायचं ते कागदाचंच हवं. सुरंगीला एक क्षण भाकरी आठवली, पण भाकरी कागदाची नसते. आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंच काही उसळ्या मारत होतं.

"मातीच्या होडीचं पुस्तक," ती म्हणाली. "सगळं. शेवटासकट."

"देते. पण आमच्या राणीचा एक नियम आहे," परीचा चेहरा थोडा उतरला. "मनातल्या मनात वाचशील तोवर पुस्तक तुझं. त्यातला एक शब्द जरी दुसऱ्याला सांगितलास, तर तेवढी अक्षरं उडून जातील. आणि उडालेलं अक्षर मला परत आणता येत नाही."

मान हलवायला काय लागतं? सुरंगीने हलवली. तिच्या हातात अलगद एक पुस्तक आलं, निळ्याशार बांधणीचं, आणि त्याच्यावर पिवळ्या मासोळ्या लुकलुकत होत्या.

शेंगदाणेवाल्याने त्या दिवशी पिशव्या परत पाठवल्या. आईने सुस्कारा सोडला, पण पोरीला रागावली नाही. सुरंगी कोपऱ्यात बसून वाचत सुटली. कधी हसली, कधी ओठ चावले, आणि शेवटच्या पानावर तर तिने पुस्तक छातीशीच धरलं. जन्मात पहिल्यांदा तिला एका गोष्टीचा शेवट मिळाला होता.

"काय गं वाचतेस एवढं? मला पण सांग की," खळ ढवळता ढवळता आई म्हणाली.

सुरंगीला परीचा नियम आठवला. काही नाही, असं म्हणाली. आईने पुन्हा विचारलं नाही, आणि तेच सुरंगीला जास्त लागलं. एरवी अर्धीमुर्धी गोष्टसुद्धा ती आधी आईला सांगायची. पुस्तक उशाशी होतं, पण ते एखादा लाडू चोरून खावा तसं वाटू लागलं.

रविवार उजाडला. कधी नव्हे तो पार माणसांनी फुलून गेला होता. सुरंगी आईला घेऊन आली आणि आपल्या नेहमीच्या जागी, झाडामागे बसली. पुस्तक फडक्यात गुंडाळून तिने पोटाशी धरलं होतं. नाही सापडलं, एवढं म्हटलं की झालं, कुणाला कळणारही नव्हतं. तिने ते वाक्य मनात घोकूनही ठेवलं. मग निमकरकाकांनी हाक मारली आणि सगळी तोंडं तिच्याकडे वळली. हणमंतदादांनी दुकान बंद ठेवलं होतं. मुक्तामावशी पुढे सरकून बसल्या होत्या. आणि आईच्या डोळ्यांत तीच उत्सुकता होती जी सुरंगीच्या डोळ्यांत दर रविवारी झाडामागे असायची. शेवट न मिळण्याचं दुःख तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती उठली, पारावर गेली आणि पुस्तक उघडलं.

"लेखिकेचं नाव भागीरथी डोंगरदिवे," ती मोठ्याने म्हणाली.

आणि पहिल्या पानावरून ते नाव उठलं! एकेक अक्षराला इवलेइवले पंख फुटले, गुलाबी, पोपटी, नारिंगी, आणि ती भिरभिरत बकुळीवर जाऊन बसली. सगळे आ वासून बघत राहिले. सुरंगी थांबली नाही. ती वाचत गेली आणि पानं कोरी होत गेली. होडीला चीर पडली. पाणी आत आलं. कुंभाराच्या मुलीने ओंजळींनी पाणी उपसलं, पण माती ती माती, हळूहळू विरघळू लागली. आणि मग पोरीच्या पायाला काहीतरी लागलं. विरघळलेली माती तळाशी बसत होती, नदी तिच्यावर आपली वाळू आणून घालत होती, आणि भर प्रवाहात एक बेट वर येत होतं. पोर त्याच्यावर उभी राहिली. तिला न्यायला दोन्ही काठांवरची माणसं धावली, आणि बेटावर पहिल्यांदाच एकमेकांशी बोलली.

शेवटचं अक्षर उडालं. सगळं झाड रंगीत चमचमत होतं. मग झुळूक आली आणि तो थवा आभाळात मिसळून गेला. सुरंगीच्या हातात कोरं पुस्तक राहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब त्याच्यावर पडला. तिच्या मालकीचं ते एकुलतं एक पुस्तक होतं. मग तिने सगळ्यांना परीची आणि नियमाची हकिकत सांगितली.

हणमंतदादा डोकं खाजवत म्हणाले, "पण ओंजळीने पाणी उपसतात ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय की."

निमकरकाका ताठ बसले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानावर आपल्या टपोऱ्या पोस्टातल्या अक्षरात आधी लेखिकेचं नाव लिहिलं. मग ज्याला जे आठवलं ते तो लिहू लागला. हणमंतदादांच्या पानावर ग्रीसचा अंगठा उमटला. मुक्तामावशींनी पोरीच्या शिदोरीत थालीपीठ घातलं. ते मूळ पुस्तकात नव्हतं, पण पोर उपाशी कशी जाईल, असा त्यांचा सवाल होता. अडेल तिथे सुरंगी सांगे. शेवटचं पान आईने लिहिलं, वळणदार आणि हळूहळू, कारण तिला शेवट सगळ्यांत जास्त आवडला होता.

आईने पूर्णविराम दिला मात्र, पानांतून सोन्यासारखा उजेड फुटला आणि त्यातून पानपरी वर आली. तिचे दोन्ही पंख झळाळत होते.

"ही अक्षरं मी आणलेली नाहीत, तुम्ही आणलीत. राणीचा नियम यांना लागू नाही. कितीही मोठ्याने वाचा, उडायची नाहीत," ती म्हणाली. मग तिने सुरंगीच्या बोटांवर चिमूटभर चमचम टाकली. "आणि या बोटांनी चिकटवलेल्या पिशवीवर यापुढे अर्धी गोष्ट कधी असणार नाही."

एवढं बोलून ती उजेडात विरघळली. पारावर फक्त बकुळीची फुलं टपटपली.

तेव्हापासून सुरंगीच्या हातच्या प्रत्येक पिशवीवर एक चिमुकली गोष्ट असते, शेवटासकट, आणि खाली लेखकाचं नाव. शेंगदाणेवाला स्वतः दारी येऊन पिशव्या नेऊ लागला, कारण लोक दाण्यांपेक्षा पिशवीच जास्त मागत. आता घरात खळही शिजते आणि भाकरीही. टोपलीचा रिवाजही बदलला. पुस्तक नसेल त्याने एक गोष्ट सांगावी आणि हवं ते पुस्तक न्यावं. निळं पुस्तक गावात घरोघर फिरतं, आणि सुरंगीला कुणी आवडत्या लेखकाचं नाव विचारलं की ती आधी भागीरथीबाईंचं घेते आणि मग पारावरच्या सगळ्यांची.

अशी ही मातीच्या होडीची कहाणी. तुम्ही ऐकलीत, आता कुणाला तरी सांगा. भिऊ नका, अक्षरं उडायची नाहीत.