आधी हाड, मग कागद

“पण आई नाही म्हणते म्हणून हाड खोटं ठरतं का, बाई?”

बाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चहा घेणार का तू?”

“मी केसबद्दल विचारतोय.”

“मी चहाबद्दल.”

विचारणारा होता डॉक्टर समरजित माने. न्यायवैद्यक विभागाचा प्रमुख, वय एकोणचाळीस. हाडं वाचण्यात तो हुशार होता आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. बाई म्हणजे डॉक्टर मालिनी रेठरेकर, त्याच्या गुरू. निवृत्त झाल्यापासून कृष्णाकाठच्या आपल्या गावी राहत होत्या.

तीस वर्षं त्यांनी खून झालेल्या आणि बेपत्ता माणसांची हाडं तपासली. त्यांचा एक हट्ट होता. हाड बघून स्वतःच्या हातानं टिपण लिहिल्याशिवाय त्या पोलिसांच्या कागदाला हात लावत नसत. फौजदार मंडळी वैतागायची. बाई आधी मयताशी बोलतात, मग सवड झाली तर आमच्याशी, असं म्हणायची.

समरजितनं जाडजूड फाइल पुढं सरकवली.

“गेल्या दोन वर्षांतली बारा प्रकरणं आहेत. बाराच्या बारा ठिकाणी ओळख पटवली.”

“एकही अडलं नाही?”

“एकही नाही.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या.

समरजितला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. त्यानं वरचाच रिपोर्ट उघडून प्रकरण सांगायला सुरुवात केली.

सारिका, वय सव्वीस. चौदा महिन्यांपूर्वी सासरहून नाहीशी झाली. दोन महिन्यांनी, दोन गावं सोडून, ओढ्याकाठच्या उसाच्या पाचटाच्या ढिगात एक अर्धवट जळालेला सांगाडा सापडला. स्त्रीचाच होता. डीएनए तपासणीला हाडं दोनदा पाठवली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. नवरा तेव्हापासून कोठडीत होता. परवा समरजितची कोर्टात साक्ष होती.

“सगळा खटला माझ्या रिपोर्टवर उभा आहे. वय जुळतं, उंची जुळते. लहानपणी तिचा डावा हात मोडला होता असं पोलिसांच्या कागदात आहे, आणि डाव्या हाताचं हाड मोडून सांधलेलं मिळालंय. आणखी काय पाहिजे? आणि तिची आई म्हणते, ही माझी लेक नव्हे. समोरचा वकील तिलाच उभी करणार. नवरा सुटेल.”

“मारकुटा होता?”

“पोलिसांत दोन तक्रारी आहेत.”

“आई जावयाच्या बाजूची आहे का?”

“छे. त्याचं नाव काढलं तरी थुंकते.”

“मग त्याला वाचवते कशाला?”

“तेच तर, बाई. पोरगी मेली हे तिला कबूलच करायचं नाही. तुम्ही समजावा, तुमचं ऐकेल. अक्काताई नाव तिचं. मी तिला गाडीतून घेऊन आलोय.”

“कुठं आहे?”

“बाहेर पायरीवर. आत या म्हटलं, आली नाही.”

बाईंनी सुपातली फोलपटं पाखडली. मग उठल्या, आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात कापसावर बरगडीचा एक तुकडा होता. सोबत घडी घातलेली चिठ्ठी.

“हे एकदा बघशील? माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही.”

समरजित खूश झाला. बाईंनी आपल्याला विचारावं, ही त्याची पुष्कळ वर्षांची इच्छा होती. त्यानं चिठ्ठी वाचली. पुरुष, वय अंदाजे चाळीस. बांधावरून वाद. आरोपीकडून कोयता जप्त.

त्यानं तुकडा उजेडात धरला. फिरवला. भिंग काढलं.

“स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “वार मागून झालाय, वरून खाली. पातं जड असणार, हाड कापून थोडं आत गेलंय. मारणारा उजव्या हाताचा. कोयताच.”

“वय?”

“चाळिशीचं वाटतं.”

बरगडीच्या असल्या तुकड्यावरून वय सांगू नये, असं तो पहिल्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी बजावत असे.

“खात्री?”

“शंभर टक्के.”

बाईंनी तुकडा परत कापसावर ठेवला.

“हे गृहस्थ शाळामास्तर होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंथरुणात गेले, झोपेत. देहदान केलं होतं त्यांनी. हाडं साफ करताना माझी सुरी घसरली… ही खूण माझ्या हातची.”

समरजितनं भिंग खिशात ठेवलं.

“आणि चिठ्ठी?” त्यानं विचारलं.

“आज सकाळी लिहिली. तू येणार म्हणून फोन केलास, त्यानंतर.”

“तुम्ही मला फसवलंत.”

“हो.”

“पोलीस मला असं फसवत नाहीत.”

“नाहीत फसवत. फक्त तुझ्या आधी बोलतात.”

त्यांनी चिठ्ठी उचलली आणि हाडाशेजारी ठेवून बघितली.

“गंमत सांगू का तुला? मीच कापलंय हे. तरी ही चिठ्ठी समोर ठेवली की मलाही कोयताच दिसतो.”

समरजितला राग आला होता. रागापेक्षा भीती जास्त वाटली होती, पण बारा प्रकरणांचा माणूस तसं तोंडावर दिसू देत नाही.

“बरगडीचं ठीक आहे,” तो म्हणाला. “पण सारिकाच्या हाडात मोडल्याची खूण आहे, बाई. ती काही कागदानं उमटवली नाही.”

“बरोबर बोललास. कुठं मोडला होता तिचा हात?”

“डावा.”

“कुठं?”

“डावा हात, एवढंच आहे कागदात.”

“आईला विचारलंस?”

“जबाब पोलिसांनी घेतला होता.”

बाई दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी हाक मारली.

“अक्काताई, ऊन लागतंय तिथं. आत या.”

अक्काताई कोळेकर आत आल्या. साठीच्या आसपासच्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. खुर्चीकडं त्यांनी बघितलंही नाही, उंबऱ्याला लागून खाली बसल्या. मग बाईही खाली बसल्या. एकटा समरजित खुर्चीत राहिला आणि त्याला ते अवघड झालं.

“शेंगा घ्या,” बाई म्हणाल्या. “आमच्याच रानातल्या आहेत.”

अक्काताईंनी दोन शेंगा घेतल्या, पण फोडल्या नाहीत.

“सारिकाचा हात कसा होता हो?”

“कसा म्हंजी?”

“मोडला होता ना?”

“व्हय. आठ वर्साची हुती. बोरीवरनं पडली. तालुक्याला न्यायचं हुतं, पर हिचं वडील म्हनलं हितंच बांधून घिऊ. त्यो कोपरात आखडला, आखडला त्यो आखडलाच.”

“म्हणजे?”

अक्काताईंनी आपला डावा हात पुढं केला. तो सरळ करत नेला आणि अर्ध्यात थांबवला.

“हितवर. ह्याच्या म्होरं जायचा न्हाई.”

मग तो हात तसाच वाकडा ठेवून त्या हवेत भाकरी थापू लागल्या.

“अशी थापायची बगा. घागर बी ह्याच हातानं धरायची, अंगाला चिकटवून. सासरची हसायची तिला. म्या म्हनायची, हसू देत, भाकरी तर गोल हुतीया.”

थापून झालं तरी त्यांचा हात वाकडाच राहिला होता. तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला.

समरजितनं स्वतःचं डावं मनगट धरलं होतं. आपण ते कधी धरलं, हे त्याला कळलं नाही.

ओढ्याकाठच्या हाडातली जोड मनगटाच्या वर चार बोटांवर होती. कोपराकडचा भाग जाळातून वाचला होता. कोपर निर्दोष, हालचाल पूर्ण होत असावी, असं रिपोर्टाच्या चौथ्या पानावर लिहिलेलं होतं. ते त्यानंच लिहिलं होतं.



“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” त्यानं विचारलं. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

“सांगिटलं की. फौजदारास्नी सांगिटलं. त्येंनी लिवलं, डावा हात मोडलावता. म्या म्हनलं कोपराचं लिवा. तर त्ये म्हनलं, ह्ये एवढं बास हाय.”

“आणि मला?”

“तुमी कवा इचारलंसा?”

समरजित खुर्चीतून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाईंनी दोन शेंगा फोडल्या.

“परवा मी हे कोर्टात सांगितलं तर तुमचा जावई सुटेल, अक्काताई. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय की. त्येनं माझ्या लेकीचं कायतरी केलंय, ह्ये मला बी ठावं हाय. त्येला फाशी झाली तर म्या पानी बी सोडायची न्हाई डोळ्यातनं. पर सायेब, ही सारिका हाय असं तुमी लिवलंसा की माझ्या सारिकाला हुडकायचं बंद हुतंय. मग तिला कोन हुडकनार?”

 

“मग दर सोमवारी माझ्या विभागाबाहेर कशाला येऊन बसत होतात?” तो म्हणाला. “दहा महिने बघतोय मी. मला वाटायचं, माझ्याशी भांडायला येता.”

“तुमच्यासंगं कशाला भांडू?”

“मग?”

“त्या पोरीसाठनं.”

“कुठल्या पोरीसाठी?”

“तुमच्या कपाटातल्या.” अक्काताईंनी हातातल्या शेंगा पिशवीत टाकल्या. “तिचं कोनच येत न्हाई. शिपायाला इचारलं म्या. म्हनला, कोन बी न्हाई आलं. मग तिची आय येईस्तवर म्या बसते. सोमवारी आमच्यातनं यष्टी असतीया, म्हनून सोमवारी.”

समरजित खिडकीपासून वळला.

“माझी बी कुठंतरी अशीच असंल की. तिच्याजवळ बी बसलं असंल कोनतरी.”

त्यांनी पदर सारखा केला.

“भाईर हाय म्या,” त्या म्हणाल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या.

समरजितला रडू आलं. त्यानं ते आवरलं नाही आणि बाईंनी तिकडं पाहिलंही नाही. चहाचं आधण ठेवायला त्या आत गेल्या, ते ठेवून आल्या, तोवर तो फाइल घेऊन खाली जमिनीवर बसला होता, अक्काताई बसल्या होत्या त्याच जागी.

“उद्या सकाळी सरकारी वकिलांना फोन करतो,” तो म्हणाला. “आणि बाकीची अकरा…”

“अकरा परत बघ.”

“कागद बाजूला ठेवून.”

“ते तुझं तू ठरव.”

त्यानं रिपोर्ट उघडला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत सारिकाचं नाव होतं. बाईंनी पेन दिलं. त्यानं नावावर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली.

फाइलच्या मागच्या कप्प्यात कोरे फॉर्म होते, ओळख न पटलेल्या मृतांसाठीचे. दोन वर्षांत त्यातला एकही त्याला लागला नव्हता. त्यानं एक काढून मांडीवर घेतला.

नाव. त्यानं लिहिलं, अज्ञात स्त्री.

वय. वीस ते तीस.

ओळखीच्या खुणा. डाव्या हाताचं हाड मनगटाच्या वर मोडून सांधलेलं. कोपर निर्दोष.

हे लिहायला त्याला वेळ लागला. एकेक शब्द तो थांबून लिहीत होता, नवीन शिकणाऱ्या मुलासारखा.

पुढचा रकाना होता जवळच्या नातेवाइकांचा. इथं मात्र हात सवयीनं चालला. सरकारी कागदात जिथं काही नसतं तिथं जे लिहितात ते लिहायला त्यानं घेतलं. ‘निरं’पर्यंत आला…

बाईंनी रकान्यावर तळहात ठेवला.

“निरंक नको,” त्या म्हणाल्या. “बाहेर बसलीय ती.”