टेप आणि ब्रेकची पट्टी

गाडीचे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. घाटातून आठवडी बाजाराची माणसं नेणाऱ्या एका जीपमध्ये एक टेप होता. आपल्या आवाजाचा त्याला भारी तोरा.

एके दिवशी ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून ‘कीं कीं’ असा आवाज येऊ लागला. चालक गेनभाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि टेप मोठा केला.

“गप गं चिरके! माझ्या गाण्याचा विचका करतेस,” टेप खेकसला.

“मी गात नाहीये रे बाबा,” ब्रेकमधली पातळ पट्टी म्हणाली. “ब्रेक झिजलाय, तेवढं सांगतेय. त्यासाठीच तर मला इथं बसवलंय.”

रोज तिचा आवाज वाढला आणि रोज टेपचाही. एका सकाळी पट्टी झिजून तुटली नि गप्प झाली.

“हरली!” टेपला आनंद झाला. गेनभाऊही मागे वळून म्हणाले, “बघा, आपोआप बरं झालं!”

पुढच्याच उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. जीप थांबेना. दरडीवर आदळून ती कलंडली.

आत बारा माणसं कण्हत होती आणि टेप मोठमोठ्यानं लग्नाचं गाणं गात होता. त्याला थांबायचं होतं. पण बटण फिरवणारा हात काही उठेना.