मथुराक्कांचा जावक नंबर

"सहाही सर्व्हरना इंटरनेट मिळालं पाहिजे, पण बाहेरच्या माणसाला त्यातला एकही दिसता कामा नये! आणि इंटरनेटवरचा बाहेरचा पत्ता आपल्याकडे एकच आहे. दुसरा मागायचा नाही!"

आमच्या तालुका दूध संघाचे अध्यक्ष भुजंगराव इंगवले यांनी टेबलावर हात आपटला. शेजारच्या एका संघाचे संगणक बाहेरून कुणीतरी शिरून बंद पाडले होते. तेव्हापासून साहेबांनी इंटरनेटचा धसकाच घेतला होता.

"साहेब, बाहेर जायचं तर दार उघडावं लागतं. आणि दार उघडलं की बाहेरचाही आत येणार," मी म्हणालो.

"ते मला सांगू नका. आतला बाहेर गेला पाहिजे, बाहेरचा आत येता कामा नये. संध्याकाळी पाचपर्यंत! नाहीतर उद्यापासून तुम्ही पशुखाद्याच्या गोदामात!"

मी म्हणजे निरंजन टिळेकर, संघाचा एकुलता एक संगणक अभियंता. माझ्या खोलीच्या भिंतीवर माझी चार प्रमाणपत्रं आहेत. चौथ्याची चौकट मी स्वखर्चाने केली आहे.

काम तसं सोपं वाटलं होतं. एका मोठ्या यंत्राच्या पोटात मी लिनक्सचे सहा आभासी सर्व्हर बसवले होते. त्यातलाच एक गावोगावच्या शेतकऱ्यांना दुधाचा फॅट मोबाइलवर कळवायचा. नवी मांडणी केल्यापासून म्हणजे दोन दिवस एकही संदेश गेला नव्हता, आणि संघाचा फोन खणखणत होता. शिव्या अध्यक्षांना पडत होत्या. तिथून त्या माझ्यापर्यंत यायला फारसा वेळ लागत नव्हता.

सहा सर्व्हरच्या पुढे मी एक सातवा, दाराशी बसणारा ठेवला. बाहेरचा एकुलता एक पत्ता त्याला दिला. सहांना वाट दाखवली, की बाहेर जायचं तर याच्याकडून जा. आलेलं पुढे सोडायची त्याला परवानगी दिली. सगळं पुस्तकाप्रमाणे! पण माहितीची पाकिटं बाहेर जायची आणि उत्तर काही यायचं नाही. मी तारा बदलल्या, यंत्र चारदा बंद करून चालू केलं. दुपारी तीनपर्यंत मी त्या यंत्राला 'बाबा रे' म्हणू लागलो होतो.

शेवटी चोरून एक पत्र लिहिलं. इंटरनेट कंपनीला विनंती, की आम्हाला आणखी सहा पत्ते द्या. ते घेऊन आवक-जावक टेबलावर गेलो. तिथे मथुराक्का ढवण बसतात. संघात येणारं आणि जाणारं प्रत्येक पत्र बावीस वर्षं त्यांच्या हातून जातंय.

मथुराक्कांनी चष्मा लावून पत्र वाचलं.

"साहेबांनी मागू नका म्हटलंय ना?"

"अक्का, नाइलाज आहे. सहा जणांना बाहेर बोलायचंय, आणि पत्ता एकच."

"मग? या संघात चाळीस माणसं पत्रं लिहितात. पत्ता कितींचा आहे?"

"एकच. पण ते वेगळं, अक्का. हे नेटवर्किंग आहे."

"असेल बाई. तुमचा सर्व्हर पाकिट धाडतो, त्यावर धाडणाऱ्याचा पत्ता काय असतो?"

"त्याचा स्वतःचा. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट..."

"तो बाहेर कुणाला ठाऊक आहे?"

"छे! तो फक्त आपल्या आतल्या आत चालतो," मी ऐटीत सांगितलं.

"मग उत्तर येणार कुठं?"

मी हळूच आपलं पत्र परत ओढून घेतलं.

मथुराक्का शांतपणे म्हणाल्या, "गोदामातल्या पवारानं पत्र लिहिलं, तर मी 'पवार, तिसरं कपाट' असा पत्ता घालत नाही. संघाचा घालते, जावक नंबर देते, वहीत पवारचं नाव लिहिते. उत्तरात तो नंबर असतो. वही बघते, पवारला देते."

"आणि नंबर नसलेलं, उगाच कुणी धाडलेलं पत्र आलं तर?"

"इथं मी तेही घेते. तुमच्या कामात घेऊ नका की! परत धाडा!"

मी पळत सुटलो. दाराशी बसलेल्या सर्व्हरला मी सगळं सांगितलं होतं, फक्त पाकिटावर सहांचा पत्ता खोडून स्वतःचा घाल आणि कुणाचं पाकिट ते लक्षात ठेव, एवढं सांगायचं राहिलं होतं. एका ओळीचा नियम! आपण होऊन बाहेरून येणाऱ्याला नकार द्यायचा दुसरा. दोन्ही टाकले. साडेचार वाजता साहेबांच्या स्वतःच्या गोठ्यातल्या दुधाचा फॅट त्यांच्या मोबाइलवर वाजला.

साहेब खोलीत आले. त्यांनी बाहेरच्या एका माणसाकरवी आत शिरायचा प्रयत्न करून पाहिला. दार बंद! तरी समाधान होईना.

"पण टिळेकर, उत्तर तर आत आलंच की! बाहेरचं काही आत येता कामा नये म्हटलं होतं. तुम्ही हरलात!"

मी प्रमाणपत्रांकडे पाहिलं. एकही मदतीला आलं नाही. तेवढ्यात दारातून मथुराक्का म्हणाल्या, "साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही सकाळी घरातून निघता आणि संध्याकाळी परत जाता, तेव्हा वहिनीसाहेब 'बाहेरचा माणूस आत आला' म्हणतात का?"

साहेब असे हसले, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"कधीकधी म्हणतात हो, अक्का! पण घेतात आत!"

डोळे पुसत त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. मथुराक्का संगणक विभागाच्या प्रमुख, पगारात दोन वाढी, आणि निरंजन टिळेकर त्यांच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे रजेचा अर्ज दिला. तासाभरात तो परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'विषय लिहिलेला नाही. आणि अभियंता हा शब्द चुकीचा लिहिला आहे.'