चुन्याशिवाय महाल

कुरणगडच्या भूपालराव महाराजांनी दवंडी पिटवली, की आजपासून राज्यात चुन्याचा कणही कुणी वापरायचा नाही. भट्ट्या विझवा, पोती रिकामी करा. ज्याच्याकडे चुना सापडेल त्याच्या पाठीवर चाबूक.

कारण काय, तर महाराजांना जुनी वास्तुकला पुन्हा जिवंत करायची होती. ती मेली कधी आणि मारली कुणी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी दरबारात त्यावर घमासान चर्चा झाली. सेनापतींना बुरूज आवडत. घर म्हटलं की त्याला बुरूज हवाच, मग आत माणसं मावोत की न मावोत. खजिनदारांना नक्षीदार झरोके हवे होते. शेजारच्या अंगणात काय चाललंय ते त्यांना सध्या कुंपणावरून बघावं लागे आणि मान दुखे. प्रधान अंतोबांचा जीव घुमटावर होता. घुमटाखाली बोललेलं दोनदा ऐकू येतं म्हणे, आणि त्या बिचाऱ्यांचं एकदाही कुणी ऐकत नसे.

महाराजांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि आधीच ठरलेलं होतं ते जाहीर केलं. नवा महाल हेमाडपंती होणार.

"दगडावर दगड, खाचेत खाच, मध्ये चुन्याचा थेंब नाही," महाराज म्हणाले. "चुना म्हणजे दुबळ्यांचा आधार."

दरबार वाहवा म्हणाला. वाहवा म्हणणाऱ्या एकूण एकाचं घर चुन्यानं बांधलेलं होतं, पण एवढ्या आनंदाच्या प्रसंगी ते कोण सांगत बसणार?

झळ बसली ती वेशीबाहेरच्या सुंद्रा लोणारणीला. चुनखडीचे खडे भाजून चुना करायचा, हाच तिच्या घरचा पिढीजात धंदा. नवरा भट्टी सांभाळी आणि बोलायचं काम ही सांभाळी. भट्टी विझली आणि चूलही विझायला आली. वर महाराजांच्या माणसांनी येऊन सांगितलं, की भट्टीचे दगड चांगले आहेत, महालाच्या जोत्याला घेऊन जाऊ. सुंद्रानं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

तिनं आधी हात जोडून विनवलं. मग महाराजांनी तिला जुन्या वास्तुकलेची थोरवी ऐकवली. ती तिनं उभ्यानं ऐकली, हेही काही थोडं नाही. शेवटी महाराज म्हणाले, "थोडक्यात काय, चुना लागत नाही."

"तुम्हाला नसेल लागत, महाराज," सुंद्रा म्हणाली. "आम्हाला पोटाला लागतो."

महाराजांचा चेहरा उतरला नाही, उलट चढला. हट्टी माणसाला कुणी खरं बोललं की त्याला पैज लावायची हुक्की येते. त्यांनी तबकात विडा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "असं? मग माझ्या तोंडून चुना मागवून दाखव. भर दरबारात, मी स्वतः मागितला पाहिजे. मागितला तर भट्टी तुझी. पाडव्याच्या दरबारापर्यंत नाही जमलं, तर तुझी भट्टी माझ्या जोत्यात. उचलतेस विडा?"

दरबारी फिदीफिदी हसले. साक्षात राजा कशाला चुना मागेल? सुंद्रानं विडा उचलला, तोंडात टाकला आणि चालती झाली.

वाटेत ती बांधावर थुंकली. लालभडक पिंक पडली. सुंद्रा त्या पिंकेकडे बघतच राहिली. मग घराची वाट सोडून ती हसन तांबोळ्याच्या दुकानी गेली. राजवाड्याचे विडे हा हसनच करी.

"हसनचाचा, दवंडी ऐकली नाही का?" तिनं विचारलं. "चुन्याचा कणही वापरायचा नाही. तुमच्या डबीत काय आहे मग?"

हसनचाचांनी डबीकडे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. चाबूक कुणाला आवडतो? सुंद्रानं त्यांना समजावलं, की पाडव्यापासून हुकूम अक्षर न् अक्षर पाळा. हुकूम पाळणाऱ्याला कोण काय करील?

पाडव्याला महाराजांचे व्याही आले. पुरणपोळीचं जेवण झालं, दरबार भरला, जुन्या वास्तुकलेवर महाराज बोलले. मग विडे आले. महाराजांना आपल्या रंगलेल्या ओठांचा भारी अभिमान. त्यांनी विडा चावला, पुन्हा चावला. तोंड कडू झालं. त्यांनी आरसा मागवला. ओठ फिके ते फिकेच. पलीकडे व्याहीही शेळीसारखे नुसतं चघळत बसले होते.

महाराज लाजेनं आणि रागानं तडकले. "हसन, व्याह्यांसमोर पाला चारतोस काय?"

हसनचाचा चाचरत म्हणाले, "सरकार, पान तेच, कात तोच, सुपारी तीच."

"मग रंगत का नाही? चुना कुठं आहे? आधी चुना आण!"

महाराजांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दाराशी सुंद्रा उभी होती. तिनं अदबीनं मुजरा केला.

"तो हेमाडपंती विडा आहे, महाराज. पानावर पान, घडीत घडी, मध्ये चुन्याचा थेंब नाही. चुना म्हणजे दुबळ्यांचा आधार."

आधी व्याह्यांना ठसका लागला. मग महाराजांच्या मिश्या थरथरल्या, आणि मग ते असे हसले, की कात-सुपारी पार अंतोबांच्या पागोट्यावर उडाली. त्यांनी तिथल्या तिथं हुकूम दिला, की दवंडी रद्द, महाल चुनेगच्ची होणार, आणि त्याचा सगळा चुना सुंद्राच्या भट्टीतून येणार. पागोटं पुसत अंतोबा म्हणाले, की आपल्याला लहानपणापासून चुनेगच्चीच आवडते. सेनापती आणि खजिनदारांचंही अगदी हेच मत निघालं.

सुंद्रानं कनवटीची चुन्याची डबी काढून पुढं ठेवली. महाराजांनी ताजं पान तिच्यापुढं धरलं आणि म्हणाले, "लोक चुना लावून फसवतात, तू न लावता फसवलंस. आता तरी लाव, बाई!"