तात्यांची एका किकेची स्कूटर

गाड्या बोलायच्या आणि माणसं नुसती थापा मारायची, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. तात्या खरमाट्यांच्या पडवीत त्यांची तरुणपणीची स्कूटर धूळ खात उभी होती. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “एका किकेत सुरू व्हायची. चौघांना घेऊन घाट चढायची.”

शेजारी उभी असलेली नवी मोटारसायकल खिदळायची. “आजी, खरंच का गं?”

“चढायचे की चौघं. दोघं वर बसायचे, दोघं मागून ढकलायचे. आणि किका मारून मारून तात्यांचा पाय सुजायचा.”

एके दिवशी सुनेनं दारात भंगारवालाच आणून उभा केला. “मामंजी, एका किकेत सुरू झाली तर राहू दे. नाही तर आजच जाऊ दे.”

स्कूटरची पाचावर धारण बसली. तात्यांनी जुन्या सवयीनं तिला एका कुशीवर वाकडी केली, पुन्हा सरळ केली, विजार वर ओढली आणि किकवर पाय ठेवला. सून बघत होती, भंगारवाला बघत होता, अख्खी आळी बघत होती. तात्यांनी पाय हळूच खाली घेतला.

“आज अमावास्या. अमावास्येला मी किक मारत नाही.”

“अहो मामंजी, अमावास्या परवाच झाली.”

“मग पंचांग चुकलं असेल.”

सून तोंडाला पदर लावून हसली. तिनं भंगारवाल्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

“वाचलीस गं आजी,” मोटारसायकल म्हणाली.

“मी एकटीच वाचले होय? तात्यांनी ती किक मारली असती, तर भंगारात मी एकटी गेले नसते, त्यांची थापही गेली असती.”