वापर निरंक

समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज खारवड्याच्या पुळणीतून केबलने आणायची परवानगी कंपनीने मागितली होती. त्याच पुळणीवर गावातल्या बायका बोंबील वाळवत आणि घरं चालवत. सुनावणी तिथेच मांडवात भरली. मी तीन पानी हरकत लिहून नेली होती, पण वाचायचा धीर होईना.

विश्रामगृहात बसून जागेची पाहणी केलेले सरकारी अधिकारी दिघावकरसाहेब अहवाल वाचू लागले. "जागेचा सध्याचा वापर निरंक. म्हणजे काहीच नाही. तुम्हा लोकांना कागद कळत नाहीत, म्हणून सांगतो."

तेवढ्यात वारा फिरला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "शी! कसला हा वास?"

नागूबाई तांडेल पदर खोचून उठली. "निरंकाचा, साहेब."

मांडव खदखदून हसला. साहेब तांबडेलाल झाले. "मस्करी करता? इथे मासळी वाळत घातलीय, एवढं कळतं मला!"

"कळलं ना? मग तेवढं कागदावर घ्या."

कारकुनाने साहेबांचं वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवलं. परवानगी नाकारली गेली, केबल दीपगृहाच्या रस्त्याने वळवावी लागली.

माझी हरकत अजून खिशातच आहे. साहेबांच्या नाकाइतकी ती मुद्देसूद नव्हती.