बारकीचं काजळ

एक होती चिचुंद्री.

चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे हं. चिचुंद्रीला उंदीर म्हटलेलं उंदराला आवडत नाही. चिचुंद्रीचं नाक लांब. डोळे मोहरीएवढे. आणि अंगाला वास. वास कसा? सगळ्यांनी नाक मुरडावं असा.

चिचुंद्रीला चार लेकी. थोरली, मधली, धाकटी आणि बारकी. आपली गोष्ट बारकीची.

चिचुंद्र्या कशा चालतात, ठाऊक आहे? रांगेने! पुढे आई. आईची शेपटी थोरलीच्या तोंडात. थोरलीची शेपटी मधलीच्या तोंडात. मधलीची शेपटी धाकटीच्या तोंडात. धाकटीची शेपटी बारकीच्या तोंडात.

आणि बारकीची शेपटी?

ती कुणाच्याच तोंडात नाही. ती आपली मातीत लोळते.

रांगेतून बारकीला काय दिसतं? धाकटीची शेपटी. बस्स. आईचं तोंड काही दिसत नाही.

एकदा काय झालं, मावशीकडे बारसं होतं. आभाळ होतं करडं करडं. ढग आले आणि बसूनच राहिले. पडेनात की हलेनात.

आई म्हणाली, "चला ग पोरींनो, नटा!"

घरच्या घरी नटायचं. तेरड्याच्या पाकळ्या ठेचल्या. ठेच ठेच ठेच. नखं झाली लाल. लाल नखांवर पिठाचे पांढरे ठिपके. टिक टिक टिक. मग आईने काजळाची डबी काढली. थोरलीला घातलं. मधलीला घातलं. धाकटीला घातलं.

आता बारकीची पाळी.

वाटीत बोट फिरवलं. रंग संपला.

डबीत बोट फिरवलं. खर्र खर्र. काजळ संपलं.

शेवटी उभं राहिलं की असंच होतं. बारकीला सवय होती. पण आज तिचे डोळे भरून आले.

आई म्हणाली, "नखांचं राहू दे ग. पण काजळाशिवाय बारशाला कशी नेऊ? नजर लागेल."

चिचुंद्रीला कुणाची नजर लागणार? पण आईला सांगणार कोण!

"मग मी घरीच राहू?" बारकीने विचारलं.

आई म्हणाली, "दिवेलागणीला निघायचंय. तोवर काजळ आणलंस तर चल. कोनाड्यात पणती आहे. तिच्याकडे जा."

बारकीने डोळे पुसले. नाक हलवलं. निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु.

कोनाड्यात पणती बसली होती. विझलेली. काळोखात एकटी.

बारकी म्हणाली,

"पणती ग पणती, पेट की ग.
पणती पेटली की काजळ धरीन.
काजळ धरलं की डोळ्यांत घालीन.
डोळ्यांत घातलं की आईसंगे जाईन."

पणती म्हणाली, "लांबूनच बोल ग. वास येतो. मी कशी पेटू? वात कोरडी. पोट रिकामं. तेल नाही तर ज्योत नाही. एरंडाकडून बी आण. जा!"

बारकीने डोळे पुसले. नाक हलवलं. निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु.

परसात एरंड उभा होता. पानं खाली. मान खाली.

बारकी म्हणाली,

"एरंडा रे एरंडा, बी दे.
एरंडाने बी दिलं की पणती पेटेल.
पणती पेटली की काजळ धरीन.
काजळ धरलं की डोळ्यांत घालीन.
डोळ्यांत घातलं की आईसंगे जाईन."

एरंड म्हणाला, "लांबूनच बोल ग. वास येतो. माझी मुळं सुकली. माझी पानं सुकली. माझा घसा सुकला. परवा सुकला, काल सुकला, आजही सुकला..."

एरंड बोलायला लागला की थांबतच नाही. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच!

शेवटी एकदाचा म्हणाला, "पाणी नाही तर बी नाही. पाटाकडे जा. त्याला वाहायला सांग. जा!"

बारकीने डोळे पुसले. नाक हलवलं. निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु.

आभाळ आणखी करडं झालं.

पाट पडला होता. नुसता चिखल. नुसत्या भेगा. झुळझुळ नाही की खळखळ नाही.

बारकी म्हणाली,

"पाटा रे पाटा, वाह की रे.
पाट वाहिला की एरंड बी देईल.
एरंडाने बी दिलं की पणती पेटेल.
पणती पेटली की काजळ धरीन.
काजळ धरलं की डोळ्यांत घालीन.
डोळ्यांत घातलं की आईसंगे जाईन."

पाट म्हणाला, "लांबूनच बोल ग. वास येतो. मी कसा वाहू? माझ्या तोंडाशी खेकडा बसलाय. हा एवढा गलेलठ्ठ! तो सरकत नाही, मी वाहत नाही. त्याला सरकायला सांग. जा!"

बारकीने डोळे पुसले. नाक हलवलं. निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु.

पाटाच्या तोंडाशी खेकडा बसला होता. गाल फुगवून. पाणी मागे अडलेलं. हा पुढे अडून बसलेला.

बारकी म्हणाली,

"खेकड्या रे खेकड्या, सरक की रे.
खेकडा सरकला की पाट वाहील.
पाट वाहिला की एरंड बी देईल.
एरंडाने बी दिलं की पणती पेटेल.
पणती पेटली की काजळ धरीन.
काजळ धरलं की डोळ्यांत घालीन.
डोळ्यांत घातलं की आईसंगे जाईन."

खेकडा म्हणाला, "लांबूनच बोल ग. वास येतो. माझ्या नांग्या बघ. चिखलाच्या रंगाच्या! अशा नांग्या घेऊन मी चारचौघांत कसा येऊ? नांग्या रंगवशील तर सरकेन. तेरड्याकडून पाकळ्या आण. जा!"

पणती म्हणाली जा. एरंड म्हणाला जा. पाट म्हणाला जा. खेकडाही म्हणाला जा. कुठेही जा, पळसाला पानं तीनच!

बारकीचे पाय दुखले. बारकीला भूक लागली. आता दिवेलागण होईल. आता आई निघेल. थोरली जाईल, मधली जाईल, धाकटी जाईल. बिळात बारकी एकटी राहील.

बारकी रडली. थोडंसंच रडली. मग तिने डोळे पुसले. नाक हलवलं. निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु.

आभाळ आता काळं व्हायला आलं.

कुंपणाच्या कडेला तेरडा उभा होता. लाल लाल फुलांचा. पण मान खाली. कुणाशी बोलेना.

बारकी लांबच उभी राहिली. लांबूनच म्हणाली,

"तेरड्या रे तेरड्या, पाकळ्या दे.
तेरड्याने पाकळ्या दिल्या की खेकडा सरकेल.
खेकडा सरकला की पाट वाहील.
पाट वाहिला की एरंड बी देईल.
एरंडाने बी दिलं की पणती पेटेल.
पणती पेटली की काजळ धरीन.
काजळ धरलं की डोळ्यांत घालीन.
डोळ्यांत घातलं की आईसंगे जाईन."

तेरड्याने मान आणखी खाली घातली.

बारकी म्हणाली, "मी जाऊ का?"

तेरडा म्हणाला, "बस."

"मी? बसू?"

"बस ना ग. जवळ बस."

बारकीला आजवर कुणी असं म्हटलंच नव्हतं. ती हळूच जवळ सरकली. "माझा वास येतो," ती म्हणाली.

"येऊ दे," तेरडा म्हणाला. "माझा रंग तीन दिवसांचा. परवा होता. काल होता. आज आहे. उद्या नाही. आणि मला बघायला कुणीच आलं नाही. सगळे येतात, पाकळ्या ओरबाडतात, जातात. तू मला बघशील? जरा वेळ?"

बारकीला घाई होती. खूप मोठी घाई होती. पण तेरडा फार उदास होता. ती बसली. मोहरीएवढ्या डोळ्यांनी बघत राहिली. हे फूल लाल. ते फूल लाल. वरचं फूल तर किती लाल!

"किती छान दिसतोस रे," बारकी म्हणाली.

तेरड्याच्या पोटात आनंद मावेना. त्याची बोंडं फुटली. फट्! फट्! फट्! बिया उडाल्या. पाकळ्या गळल्या. बारकीच्या पुढ्यात लाल ढीग झाला.

तेरडा बोडका झाला. पण त्याने मान वर केली.

बारकीने पाकळ्या तोंडात धरल्या. निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

खेकड्याने नांग्या पुढे केल्या. बारकीने पाकळ्या ठेचल्या. ठेच ठेच ठेच. एक नांगी रंगवली. दुसरी नांगी रंगवली. पाटाच्या भिंतीचा चुना खरवडला. गवताची काडी बुडवली. एका नांगीवर ठिपके. टिक टिक टिक. दुसऱ्या नांगीवर रेघा. सर्र सर्र सर्र.

खेकडा बघतच राहिला. वासाचं तर तो विसरूनच गेला!

आणि रंगवता रंगवता काय झालं? बारकीची नखंही लाल झाली. तिला कळलंसुद्धा नाही.

मग,
तेरड्याने पाकळ्या दिल्या, खेकडा सरकला. खडखड खडखड.
खेकडा सरकला, पाट वाहिला. झुळझुळ झुळझुळ.
पाट वाहिला, एरंडाने बी दिलं. तड्! टप्प!
एरंडाने बी दिलं, बारकीने ठेचलं. तेल गळालं. थेंब थेंब थेंब.
तेल पोटात गेलं, पणती पेटली. मिणमिण मिणमिण.

बारकीने खापरीचा तुकडा ज्योतीवर धरला. हात दुखला. हात बदलला. पुन्हा धरला. ज्योत बारीक, धूर बारीक. किती काजळ धरलं? एवढंसं. तिळाएवढं.

तेवढ्यात पणतीचं तेल संपलं. फुस्स! पणती विझली.

अंधार झाला. दिवेलागण टळून गेली होती.

बारकीने खापरी घट्ट धरली आणि पळत सुटली. तुरुतुरु तुरुतुरु. ठेच लागली. उठली. तुरुतुरु तुरुतुरु. काजळ सांडलं नाही.

बिळाच्या तोंडाशी रांग उभी होती. बारकीने पुढे पाहिलं.

पुढे आई नव्हती.

"आई गेली!" बारकी ओरडली. "आई मला सोडून गेली!"

पुढे होती थोरली. थोरलीच्या मागे मधली. मधलीच्या मागे धाकटी. आणि धाकटीच्या मागे, अगदी शेवटी, बारकीच्या जागेवर कोण बसलं होतं?

आई!

"किती उशीर ग बाय," आई म्हणाली. "तुझी जागा धरून बसलेय मी."

बारकी आईच्या पुढ्यात उभी राहिली. आज तिला आईचं तोंड नीट दिसलं. आईची नखं पांढरीफटक. आईचे डोळे कोरडे. काजळाची रेघसुद्धा नाही.

"आई, तुझं काजळ कुठे?"

"माझं?" आई म्हणाली. "तुमचं होईतो डबी संपते ग."

"रोज संपते?"

"रोजच."

"मग तुला नजर लागेल!"

आई हसली. पण ते हसू काही खरं नव्हतं. "मला कोण बघतंय, बारके?"

बारकी म्हणाली, "मी बघतेय."

तिने खापरी पुढे केली. काजळ होतं तिळाएवढं. डोळे होते दोघींचे. मग कसं केलं? एक बोट बारकीच्या एका डोळ्यात. एक बोट आईच्या एका डोळ्यात. झालं! काजळ संपलं.

आईचा डोळा भरून आला.

"रडू नको ना ग आई," बारकी म्हणाली. "काजळ जाईल."

आई रडली नाही. डोळा मोठ्ठा करून बसली.

मग रांग निघाली. पण आज पुढे थोरली. तिला मावशीची वाट ठाऊक होती. थोरलीची शेपटी मधलीच्या तोंडात. मधलीची शेपटी धाकटीच्या तोंडात. धाकटीची शेपटी बारकीच्या तोंडात.

आणि बारकीची शेपटी?

ती आज मातीत लोळत नव्हती. ती आईच्या तोंडात होती.

वाटेत तेरडा लागला. बोडका, काळोखातला. बारकीने लाल नखं वर करून त्याला दाखवली. तेरडा नीट वाकून बघत होता.

ढग गेले भरून, पणती गेली विझून, आमची गोष्ट निजली काजळाच्या डबीत.